रजोनिवृत्ती, इस्ट्रोजेन आणि धमनी : पूर्वपक्ष आणि उत्तरपक्ष

विषय आणि संशय

रक्तवाहिनीला आतून पेशींचा एकपदरी थर असतो. त्याला अंतःस्तर म्हणतात. वाहिनी केव्हा सैलावेल, केव्हा आवळेल, रक्त कुठे गोठेल आणि रक्तातल्या कोणत्या पेशी भिंतीत शिरतील, हे बव्हंशी या थरावर ठरते. अंतःस्तराच्या पेशींमध्ये इस्ट्रोजेन या स्त्री-संप्रेरकाला धरून घेणारी प्रथिने, म्हणजे त्याचे ग्राही, असतात. त्यामुळे अंडाशयांचे काम थांबले की त्याची झळ रक्तवाहिन्यांनाही पोहोचते.

पाळी सलग बारा महिने आली नाही, की रजोनिवृत्ती झाली असे मानतात. पाश्चात्त्य देशांत तिचे सरासरी वय ५१ वर्षे आहे, तर भारतात ते ४६-४७ च्या आसपास आहे. अंगातून गरम वाफा निघणे, रात्री घामाने जाग येणे, योनिमार्ग कोरडा पडणे या त्रासांवर बाहेरून दिलेले इस्ट्रोजेन हा सर्वांत गुणकारी उपाय आहे, याबद्दल वाद नाही. गर्भपिशवी शाबूत असेल तर जोडीला प्रोजेस्टोजेन हे दुसरे संप्रेरक द्यावे लागते. वाद आहे तो पुढच्या पायरीवर : हाच उपचार धमन्यांचेही रक्षण करतो का, आणि करत असेल तर निव्वळ त्यासाठी तो द्यावा का?

पूर्वपक्षाचे मत असे, की इस्ट्रोजेन हे धमनीचे नैसर्गिक संरक्षण आहे. ते गेले की भरून देणे हाच सरळ मार्ग. उत्तरपक्षाचे मत असे, की प्रत्यक्ष चाचण्यांत या संरक्षणाचा पुरावा मिळालेला नाही आणि गुठळ्यांचा धोका मात्र मिळालेला आहे.

अंतःस्तराची साक्ष

पूर्वपक्ष : इस्ट्रोजेन ग्राहीला जाऊन मिळाले, की काही मिनिटांतच अंतःस्तरातले नायट्रिक ऑक्साइड बनवणारे विकर कामाला लागते. हा वायू शेजारच्या स्नायुपेशींत झिरपतो, त्या सैल पडतात आणि धमनी रुंदावते. प्लेटलेट एकमेकींना चिकटणे आणि पांढऱ्या पेशी भिंतीत शिरणे यांनाही तो आळा घालतो. रक्ताभिसरणातील त्याच्या या कार्याच्या शोधासाठी १९९८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळाले. अंतःस्तराचा हा गुण मोजताही येतो. हातावरचा पट्टा पाच मिनिटे आवळून सोडला, की परतलेल्या रक्ताच्या ओघाने निरोगी धमनी रुंदावते आणि ही वाढ सोनोग्राफीत दिसते. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोजमापांत पुरुषांची ही क्षमता चाळिशीपासून उतरताना दिसली. स्त्रियांची क्षमता पन्नाशीपर्यंत टिकली आणि त्यानंतर पुरुषांपेक्षाही वेगाने घसरली. स्वान या दीर्घकालीन अमेरिकी पाहणीत शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल हे धमनीत साचणारे कोलेस्टेरॉल झपाट्याने वाढल्याचे आढळले. उलट १९९५ च्या पेपी चाचणीत, ८७५ स्त्रियांमध्ये, संप्रेरके दिल्यावर एलडीएल उतरले आणि हितकर मानले जाणारे एचडीएल चढले.

उत्तरपक्ष : या सगळ्या खुणा आहेत, रोग नव्हे. रोग म्हणजे हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, फुप्फुसात अडकलेली गुठळी. खूण सुधारली म्हणून रोग टळतोच असे नाही, कारण एकाच औषधाची शरीरात अनेक कामे चालतात. तोंडाने घेतलेले इस्ट्रोजेन आतड्यातून आधी यकृतात जाते. तिथे ते कोलेस्टेरॉल सुधारते, पण रक्त गोठवणाऱ्या घटकांचे उत्पादन आणि ट्रायग्लिसराइड या चरबीचे प्रमाणही वाढवते. शिवाय रजोनिवृत्ती हाच उंबरठा असता, तर हृदयविकाराने होणाऱ्या मृत्यूंचा स्त्रियांचा आलेख पन्नाशीला एकदम उसळला असता. तो तसा उसळत नाही. वयाबरोबर एकसारखा चढत जातो. इस्ट्रोजेन धमनीला तारत असेल तर पुरुषांनाही त्याचा लाभ व्हायला हवा होता. अमेरिकेत कोरोनरी ड्रग प्रोजेक्ट या चाचणीत झटका येऊन गेलेल्या पुरुषांना ते देऊन पाहिले. जास्त मात्रेच्या गटात झटके वाढले आणि तो गट १९७० मध्ये बंद करावा लागला.

पूर्वपक्ष : त्या पुरुषांच्या धमन्या आधीच रोगट होत्या आणि मात्राही मोठी होती. त्या चाचणीने रोगट धमनीबद्दल सांगितले, निरोगी धमनीबद्दल काही नाही.

हा भेद त्या वेळी कोणी फारसा मनावर घेतला नाही. पुढच्या सगळ्या वादाची गाठ मात्र तिथेच बसलेली होती.

निरीक्षणांतून बसलेला विश्वास

प्रीमॅरिन ही गोळी अमेरिकेत १९४२ मध्ये बाजारात आली. गाभण घोडीच्या मूत्रातून काढलेल्या इस्ट्रोजेनांचे ते मिश्रण होते. १९६६ मध्ये रॉबर्ट विल्सन या स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ‘फेमिनिन फॉरएव्हर’ या पुस्तकाने रजोनिवृत्तीला कमतरतेचा आजार ठरवले आणि गोळीचा खप वाढला. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसले, तेव्हा हा भर ओसरला. प्रोजेस्टोजेन जोडल्यास तो धोका टळतो हे कळल्यावर उपचार पुन्हा रुळावर आला, आणि या वेळी त्याच्या पाठीशी हृदयाचे कारण होते.

पूर्वपक्ष : १९७६ मध्ये सुरू झालेल्या परिचारिकांच्या अमेरिकी पाहणीत १,२१,७०० जणी होत्या. १९९१ च्या अहवालानुसार इस्ट्रोजेन घेणाऱ्यांत हृदयधमनीचा रोग न घेणाऱ्यांच्या जवळजवळ निम्मा होता. इतर बहुतेक निरीक्षणांचा कलही तोच. इतक्या ठिकाणी, इतक्या वेळा एकच दिशा दिसावी, याला योगायोग म्हणता येत नाही.

उत्तरपक्ष : योगायोग नसेल, पण निवड असू शकते. गोळी घेणाऱ्या स्त्रिया अधिक शिकलेल्या, सुस्थितीतल्या, सडपातळ आणि डॉक्टरांकडे नियमित जाणाऱ्या होत्या. औषध नियमाने घेणे हेच मुळी निरोगी राहणीचे लक्षण असते. त्याच कोरोनरी ड्रग प्रोजेक्टमध्ये, औषध नसलेली दिखाऊ गोळी नेमाने घेणाऱ्या पुरुषांपैकी पाच वर्षांत सुमारे १५ टक्के मरण पावले. तीच निरुपयोगी गोळी चुकवणाऱ्यांपैकी सुमारे २८ टक्के. गोळीत काहीच नव्हते, फरक माणसांत होता. शिवाय निरीक्षणांचा कौल एकमुखीही नव्हता. १९८५ मध्ये एकाच वैद्यकीय नियतकालिकाच्या एकाच अंकात परिचारिकांची पाहणी इस्ट्रोजेनच्या बाजूने आणि अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम शहराची पाहणी विरुद्ध बाजूने प्रसिद्ध झाली होती.

यावर तोडगा एकच होता : चिठ्ठ्या टाकाव्यात तशी गटवारी करून, कोणाला औषध मिळते आणि कोणाला दिखाऊ गोळी हे गुप्त ठेवून चाचणी घेणे.

चाचण्यांचा कौल

उत्तरपक्ष : पहिली मोठी चाचणी हर्स, १९९८ ची. हृदयधमनीचा रोग असलेल्या, सरासरी ६७ वर्षे वयाच्या २,७६३ स्त्रिया सुमारे चार वर्षे पाहिल्या. एकंदरीत झटके कमी झाले नाहीत. पहिल्या वर्षी तर ते वाढले, आणि शिरांतल्या गुठळ्याही वाढल्या. त्यानंतरची विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह ही चाचणी अमेरिकी सरकारच्या पैशाने झाली. गर्भपिशवी असलेल्या १६,६०८ स्त्रियांच्या तिच्या शाखेत घोडीचे इस्ट्रोजेन आणि मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन हे कृत्रिम प्रोजेस्टोजेन एकत्र दिले होते. ती शाखा सरासरी ५.२ वर्षांनी, जुलै २००२ मध्ये मुदतीआधीच थांबवली. दर १०,००० स्त्रियांमागे वर्षाला ७ झटके, ८ पक्षाघात, फुप्फुसातल्या ८ गुठळ्या आणि ८ स्तनाचे कर्करोग जास्त. खुब्याची ५ हाडे मोडणे आणि आतड्याचे ६ कर्करोग कमी. धमनीचे रक्षण म्हणून सुरू केलेल्या उपचारात धमनीच्याच खात्यावर तोटा निघाला.

पूर्वपक्ष : हिशेब खरा आहे, पण कोणाचा? या चाचणीतल्या स्त्रिया ५० ते ७९ वर्षांच्या, सरासरी ६३ च्या होत्या. अनेकींची पाळी जाऊन दहा वर्षे उलटली होती. प्रत्यक्षात हा उपचार पाळी जाता जाता, वाफांच्या त्रासासाठी सुरू होतो. गर्भपिशवी काढलेल्या १०,७३९ स्त्रियांच्या दुसऱ्या शाखेत एकटे इस्ट्रोजेन दिले होते. तिथे हृदयविकार वाढला नाही, आणि स्तनाचा कर्करोग तर कमीच आढळला. म्हणजे पहिल्या शाखेतला सगळा दोष इस्ट्रोजेनच्या माथी मारता येत नाही. जोडीच्या प्रोजेस्टोजेनचा वाटा वेगळा काढावा लागेल.

उत्तरपक्ष : ती शाखाही २००४ मध्ये मुदतीआधीच थांबवली गेली, आणि कारण धमनीचेच होते. पक्षाघात दर १०,००० मागे वर्षाला १२ ने वाढले होते. हृदयाचे नुकसान झाले नाही एवढ्यावरून मेंदूच्या धमन्यांचे नुकसान पुसले जात नाही.

वेळेचा प्रश्न

२००२ नंतर अनेक देशांत या गोळ्यांचा वापर कोसळला. त्याच काळात संशोधकांनी प्रश्नाची मांडणी बदलली : इस्ट्रोजेन चांगले की वाईट, याऐवजी ते धमनीच्या कोणत्या अवस्थेत पोहोचते?

पूर्वपक्ष : उत्तराचा धागा आधी माकडांत सापडला होता. अमेरिकेत थॉमस क्लार्कसन यांच्या गटाने अंडाशय काढलेल्या माकडिणींना चरबीयुक्त आहारावर ठेवले. इस्ट्रोजेन लगेच सुरू केले तेव्हा हृदयधमन्यांतला चरबीचा थर सुमारे ७० टक्क्यांनी कमी झाला. दोन वर्षे उशिराने सुरू केले तेव्हा काहीच फायदा झाला नाही. माकडिणीची दोन वर्षे म्हणजे स्त्रीची सुमारे सहा. कारणही समजण्यासारखे आहे. निरोगी अंतःस्तरात ग्राही शाबूत असतात आणि इस्ट्रोजेन नायट्रिक ऑक्साइड वाढवते. थर साचलेल्या भिंतीत ग्राही घटतात, कोलेस्टेरॉलपासून बनलेली काही द्रव्ये उरलेल्या ग्राहींची वाट अडवतात आणि रक्षण मिळत नाही. उलट थरावरचे तंतुमय झाकण विरघळवणारी विकरे इस्ट्रोजेनमुळे वाढू शकतात. झाकण फाटले की त्यावर गुठळी होते आणि झटका येतो. हर्सच्या पहिल्या वर्षात आणि त्या पुरुषांच्या चाचणीत झटके का वाढले असावेत, याचा उलगडा यातून होतो.

माणसांतही हेच दिसले. २००७ मध्ये विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या दोन्ही शाखा एकत्र करून पाहिल्या. पाळी जाऊन दहा वर्षे झाली नव्हती त्यांच्यात हृदयविकाराचे प्रमाण दिखाऊ गोळीच्या ०.७६ पट होते. दहा ते एकोणीस वर्षे झालेल्यांत १.१० पट, वीस किंवा जास्त वर्षे झालेल्यांत १.२८ पट. त्याच वर्षी, एकटे इस्ट्रोजेन घेतलेल्या पन्नाशीतल्या स्त्रियांच्या हृदयधमन्यांत कॅल्शियमचा (म्हणजे साचलेल्या थराच्या खुणेचा) सरासरी अंक ८३ आढळला, तर न घेतलेल्यांचा १२३. डेन्मार्कच्या चाचणीत पाळी नुकतीच गेलेल्या १,००६ स्त्रियांपैकी निम्म्यांना दहा वर्षे उपचार दिला. मृत्यू, झटका किंवा हृदय निकामी होणे यांची एकत्र संख्या उपचाराच्या गटात १६, दुसऱ्या गटात ३३ होती.

उत्तरपक्ष : डेन्मार्कच्या चाचणीत दिखाऊ गोळी नव्हती, कोणाला काय मिळते हे सर्वांना ठाऊक होते, आणि घटनांची संख्याही लहान होती. २००७ च्या विश्लेषणातला कल त्या संशोधकांनी स्वतःच आधी ठरवलेल्या कसोटीला पुरेसा उतरला नव्हता. त्या विश्लेषणातली दुसरी गोष्टही नोंदवायला हवी : पक्षाघाताचे प्रमाण सुमारे १.३ पट होते, आणि पाळी कधी गेली याने त्यात फरक पडला नाही.

पूर्वपक्ष : म्हणूनच वेळेचाच कस लावणारी एलिट ही चाचणी घेतली गेली, तिचा निकाल २०१६ मध्ये आला. ६४३ निरोगी स्त्रियांचे दोन गट केले : पाळी जाऊन सहा वर्षांच्या आतल्या आणि दहा वर्षे उलटलेल्या. मानेतल्या धमनीच्या भिंतीची जाडी वर्षाला किती वाढते हे मोजले. पहिल्या गटात दिखाऊ गोळीवर ती ०.००७८ मिलिमीटरने वाढली, इस्ट्राडायोल या इस्ट्रोजेनवर ०.००४४ ने. दुसऱ्या गटात असा फरक पडला नाही. औषध तेच, मात्रा तीच; वेळ बदलली तसा परिणाम बदलला.

उत्तरपक्ष : त्याच चाचणीत हृदयधमन्यांच्या सीटी स्कॅनमध्ये कोणत्याही गटात फरक दिसला नाही. कीप्स या चाचणीत पाळी जाऊन तीन वर्षेही न झालेल्या ७२७ स्त्रिया होत्या. चार वर्षांनंतर त्यांच्या मानेच्या धमनीची जाडी उपचाराने बदलली नव्हती. सहस्रांश मिलिमीटरचा फरक ही पुन्हा एक खूणच आहे. लवकर सुरू केल्यास झटके कमी होतात हे सिद्ध करायला हजारो तरुण-प्रौढ स्त्रिया दशकभर पाहाव्या लागतील, कारण पन्नाशीत झटके मुळातच विरळ असतात. तशी चाचणी झालेली नाही.

पूर्वपक्ष : लाभ सिद्ध झाला नाही, हे मान्य. पण ज्या भीतीने उपचार सोडून दिला गेला, ती भीती लवकर सुरू करणाऱ्या स्त्रियांच्या हृदयाबाबत टिकत नाही, हेही मान्य व्हायला हवे. विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्हच्या स्त्रियांचा अठरा वर्षे मागोवा घेतल्यावर २०१७ मध्ये असे दिसले, की संप्रेरके घेतल्याने एकूण मृत्यू वाढले नाहीत.

उत्तरपक्ष : मान्य, आणि कमीही झाले नाहीत.

गोळी की पट्टी

पूर्वपक्ष : गुठळ्यांचा आक्षेप मुख्यतः तोंडाने घ्यायच्या गोळीवर आहे. कातडीवर लावायच्या पट्टीतून किंवा जेलमधून इस्ट्रोजेन थेट रक्तात जाते. यकृताचा पहिला फेरा चुकतो आणि रक्त गोठवणारे घटक फारसे वाढत नाहीत. फ्रान्समधल्या एस्थर या अभ्यासात गोळी घेणाऱ्यांत शिरांतल्या गुठळ्यांचा धोका सुमारे चौपट आढळला, पट्टी किंवा जेल वापरणाऱ्यांत वाढलाच नाही. २०१९ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या अभ्यासानेही तेच दाखवले. कमी मात्रेच्या पट्टीने पक्षाघातही वाढल्याचे दिसत नाही. प्रोजेस्टोजेनचेही तसेच : मेड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन इस्ट्रोजेनचा धमनी रुंदावणारा परिणाम बोथट करते, असे प्राण्यांत दिसले. पेपी चाचणीत, इस्ट्रोजेनमुळे वाढलेले एचडीएल नैसर्गिक घडणीच्या सूक्ष्मकणी प्रोजेस्टेरॉनने अधिक चांगले टिकवले.

उत्तरपक्ष : पट्टीबद्दलचा हा पुरावा निरीक्षणांतला आहे, आणि निरीक्षणांनी एकदा फसवले आहे. फरक एवढाच, की इथे कारणाची साखळी स्पष्ट आहे आणि वेगवेगळ्या अभ्यासांत निष्कर्ष जुळतात. त्यामुळे उपचार द्यायचाच असेल, आणि वजन जास्त, ट्रायग्लिसराइड जास्त किंवा गुठळीची शक्यता अधिक असेल, तर पट्टी किंवा जेल निवडणे शहाणपणाचे. पण पट्टी कमी धोक्याची आहे याचा अर्थ ती धमनीवरचे औषध आहे असा होत नाही.

अकाली थांबलेली पाळी

या वादात एक गट दोन्ही पक्षांनी वेगळा काढला आहे. चाळिशीच्या आत पाळी कायमची थांबली तर ती अकाली, ४० ते ४५ मध्ये थांबली तर लवकर आलेली रजोनिवृत्ती. या स्त्रियांच्या अंतःस्तराचे संरक्षण अनेक वर्षे आधीच हटते आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यातील मेयो क्लिनिकच्या दीर्घ पाठपुराव्यात, ४५ च्या आत दोन्ही अंडाशय काढलेल्या आणि इस्ट्रोजेन न घेतलेल्या स्त्रियांत हृदय-रक्तवाहिन्यांच्या आजाराने होणारे मृत्यू जास्त आढळले.

महाराष्ट्रात हा प्रश्न पुस्तकी नाही. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांच्या गर्भपिशवी काढण्याच्या शस्त्रक्रियांची चौकशी करण्यासाठी राज्य शासनाने २०१९ मध्ये समिती नेमली. तिच्यासमोर आलेल्या पाहणीत ८२ हजारांवर स्त्रियांपैकी १३ हजारांहून अधिक जणींची गर्भपिशवी काढलेली होती. त्यांतल्या अनेक जणी चाळिशीच्या आतल्या होत्या. गर्भपिशवीबरोबर अंडाशयही काढले तर इस्ट्रोजेन एका दिवसात जाते. अंडाशय ठेवले तरी ते सरासरीपेक्षा लवकर थकतात.

पूर्वपक्ष : इथे संप्रेरक देणे म्हणजे शरीराला वयानुसार मिळायला हवे होते ते परत देणे. रजोनिवृत्तीच्या नैसर्गिक वयापर्यंत ते चालू ठेवावे.

उत्तरपक्ष : अडथळा नसेल तर हरकत नाही, म्हाताऱ्या धमनीचा आक्षेप इथे लागू होत नाही. पण अशा स्त्रीला तिच्या शस्त्रक्रियेत नेमके काय काढले हे कागदावर मिळायला हवे. अंडाशय आहेत की नाहीत हेच ठाऊक नसेल, तर पुढचा कोणताही निर्णय अंदाजाने होतो. आणि अकारण होणारी शस्त्रक्रिया थांबवणे हा धमन्या राखण्याचा पहिला उपाय आहे.

निर्णय

दोन्ही पक्ष ऐकल्यावर काही गोष्टी ठरतात. इस्ट्रोजेन निरोगी अंतःस्तराला साथ देते. रोगट झालेली धमनी ते दुरुस्त करत नाही आणि तिथे अपाय करू शकते. म्हणून झटका, पक्षाघात किंवा गुठळी होऊन गेलेल्या स्त्रीला, तसेच साठीनंतर किंवा पाळी जाऊन दहा वर्षे उलटल्यावर, हृदयासाठी म्हणून हा उपचार नव्याने सुरू करू नये. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे व्हायच्या आधी, वाफा किंवा झोपमोडीचा त्रास असेल आणि स्तनाचा कर्करोग, गुठळ्या यांसारखा अडथळा नसेल, तर बहुतेक स्त्रियांत लाभाचे पारडे जड राहते. उत्तर अमेरिकेच्या रजोनिवृत्ती संस्थेने २०२२ मध्ये हीच भूमिका घेतली. त्याच वर्षी अमेरिकेच्या प्रतिबंधक सेवा कार्यदलाने निव्वळ जुनाट आजार टाळण्यासाठी संप्रेरके देऊ नयेत असा सल्ला दिला. दोन्ही विधाने एकमेकांना छेद देत नाहीत : पहिले त्रासावरच्या उपचाराबद्दल आहे, दुसरे प्रतिबंधाबद्दल. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधांच्या वेष्टनावरचे हृदयविकार, स्तनाचा कर्करोग आणि स्मृतिभ्रंशाचे ठळक इशारे काढण्याचे जाहीर केले. इशारा काढणे आणि हृदयासाठी शिफारस करणे यांतले अंतर त्यानेही मिटत नाही.

उपचार सुरू करण्यापूर्वी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल, स्तनांची तपासणी आणि घरातल्या गुठळ्यांचा इतिहास पाहावा. कारण न कळलेला रक्तस्राव असेल तर आधी त्याचा शोध घ्यावा. धोका अधिक असेल तर पट्टी किंवा जेल, गर्भपिशवी असेल तर प्रोजेस्टोजेन, त्रास आटोक्यात ठेवणारी कमीत कमी मात्रा, आणि दरवर्षी फेरविचार. धमनी राखण्याची मुख्य भिस्त मात्र दुसरीकडेच राहते : रक्तदाब आणि मधुमेह आटोक्यात ठेवणे, एलडीएल जास्त असल्यास ते उतरवणारे स्टॅटिन हे औषध, रोजची चालण्याची सवय, आणि तंबाखू पूर्ण बंद. दातांना लावायची मिश्री हीदेखील तंबाखूच आहे. तपासणीच्या वेळी तिची वेगळी विचारणा करावी लागते.